पडदा शिवणारी राहेलाम्मा

पडदा वर्षातून एकदा फाटायचा. मग राहेलाम्मा तो शिवायची.

पंपा नदीच्या काठी दर फेब्रुवारीत ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरे. तिथं तिचा नवरा, चांडपिल्ला उपदेशी, निवासमंडप, म्हणजे देवाच्या वस्तीचा तंबू, उभा करी. मोशेनं वाळवंटात उभारला तसाच, फक्त अर्ध्या मापाचा. बाहेरून मळकट कातडं.

"प्रभूसुद्धा बाहेरून सुताराचा पोरच दिसला ना?" उपदेशी लोकांना म्हणे. आत निळं, जांभळं, किरमिजी, पांढरं कापड. स्वर्ग, राजेपण, रक्त, निष्पापपण. सगळ्यांत आत तो पडदा. त्यावर राहेलाम्मानं तीन वर्षं खपून भरलेले दोन करूब, पंख पसरलेले देवदूत. "हा पडदा म्हणजे प्रभूचं शरीर," असं म्हणत उपदेशी मधल्या शिवणीवर तो वरून खाली फाडी. प्रभूनं क्रुसावर प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा असाच आपोआप फाटला आणि देवाकडे जायचं दार उघडलं, असं तो सांगे. लोक रडत.

फाटलेल्या कडा दुमडून शिवता शिवता चाळीस वर्षांत शिवण पंखांच्या टोकांपर्यंत आली होती.

"अच्चायन," ती नवऱ्याला म्हणाली, "यंदा फाडू नका. कापड टाका धरत नाही. पंख जातील."

"मग काय, दार बंद ठेवून उपदेश करू? नवीन कापड घे."

"त्यावर करूब कोण भरणार? तुमची बहीण?"

"तिला सुईत दोरा ओवता येत नाही."

"तेच म्हणते मी."

तो हसला. कबूल मात्र झाला नाही.

दुपारी ती आत शिवायला बसली. कातडं अजून चढवायचं होतं. रंगीत कापडांतून येणाऱ्या उन्हानं तिचे हात मनगटापर्यंत निळे झाले होते, मांडी किरमिजी. तिला डुलकी लागली. स्वप्नात मांडीवरचं कापड संथ श्वास घेत होतं. कुठं दुखतंय, ते ती बोटांनी चाचपत राहिली.

जाग आली तेव्हा सुई हातातच होती. तिनं एकच लांब, सैल दोरा घातला. गाठ मारली नाही.

संध्याकाळी ती बायकांत जाऊन बसली नाही. पडद्यामागे स्टुलावर उभी राहिली. आत काळोख. मागून करूब म्हणजे नुसता दोऱ्यांचा गुंता. शिवणीतून मात्र उजेडाचे कण झिरपत होते, वरपासून खालपर्यंत. ती त्यांच्याकडेच पाहत राहिली.

"हा पडदा म्हणजे..." पलीकडून आवाज आला.

तिनं वरून दोरा ओढला. तो पाण्यातून निघावा तसा निघून आला. पडदा आवाज न करता दुभंगला.

उपदेशी हात वर करून तसाच उभा. मग आत आला. स्टुलावर बायको, बोटाला दोरा गुंडाळलेला. पंख शाबूत.

"मी हात लावला नव्हता," तो पुटपुटला.

"तेव्हा तरी कुणी लावला होता?"

"आता बाहेर काय बोलू?"

"आत या म्हणा त्यांना."

तो वळला, पण शब्द फुटेना. लोक खोळंबले होते. त्या सभेत बायका बोलत नसत. राहेलाम्मा स्टुलावरून उतरली. पडद्याच्या दोन्ही कडा तिनं बाजूला धरल्या.

"या ना," ती म्हणाली. "आत या."