कपाचा कान

त्या चहाघरातले कप जुने, इंग्लिश, चिनी मातीचे. उजेडात धरले तर पलीकडची बोटं दिसावीत इतके पातळ. घरी त्याच कॉफीला नाकं मुरडणारी माणसं त्या कपातून प्यायली की तोंडभरून कौतुक करत. ते कप धुणारी एकच, मावशी. सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुणी त्यांना हात लावला नव्हता.

धुतलेला कप ती तळहातावर ठेवी आणि कडेला नखाने टिचकी मारी. खणखणीत वाजला तर फळीवर. बद्द वाजला तर केसाएवढी का होईना, भेग आहे, गरम पडलं की फुटणार. असा कप तिने बाजूला काढला की मालकसुद्धा ब्र काढत नसत.

दोन वर्षांपूर्वी सगळेच कप मुके झाले. कपाला कान एकच, मावशीला चांगले दोन, पण दोन्ही कामातून गेलेले. तिने ताकास तूर लागू दिली नाही. कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून घरी, आणि घरात नवरा अंथरुणाला खिळलेला. ओठ बघून ती बोलणं ओळखी, आणि टिचकी मारून ऐकल्याचं सोंग करी. ठाऊक होतं फक्त लेकीला.

लेक तिथेच वाढायला होती. एका दुपारी ती कपात उकळती कॉफी ओतत असताना कप उभा चिरला आणि सगळी कॉफी एका म्हाताऱ्या बाईंच्या मांडीवर गेली. बाईंना दवाखान्यात न्यावं लागलं.

"किटली आपटली असणार हिने," मालक म्हणाले.

"नाही आपटली. आईला विचारा."

मालक वळले. "मावशी, कप वाजवून बघितला होता ना तुम्ही?"

लेक आईकडे टक लावून बघत होती.

"बघितला," मावशी म्हणाली. "चांगला खणखणीत वाजला."

मालकांना एवढं पुरलं. त्यांनी लेकीला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मावशीची कीव येते, पण रागही आवरत नाही.

लेकीने ॲप्रनची घडी करून ठेवली. दाराशी गेल्यावर ती काहीतरी बोलली, मुद्दाम आईकडे पाठ करून. स्वयंपाकघरात सगळ्यांनी माना खाली घातल्या. ती काय बोलली, हे मावशीला कुणाला विचारताही येईना.