अँटेनाला ऊन लागू नये म्हणून

अकोल्याच्या आमच्या ऑफिसात वेळेचं एक यंत्र आलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. उपग्रहांकडून अचूक वेळ घ्यायची आणि सगळ्या कॉम्प्युटरांना वाटायची, एवढंच त्याचं काम. त्या वर्षांत वऱ्हाडात वीज, पाऊस, कापसाचा भाव, कशाचंच काही खरं नव्हतं. आमचं ऑफिस मात्र सेकंदालाही चुकणार नव्हतं.

यंत्राचा गजर मीच लावला. चारपेक्षा कमी उपग्रह दिसले आणि दहा मिनिटं तसंच राहिलं, की इथे भोंगा वाजणार आणि अमरावतीच्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर लाल ओळ उमटणार. काही दिवस शांततेत गेले. मग मे महिना लागला आणि रोज दुपारी बाराला भोंगा बोंबलू लागला. अडीचच्या सुमारास आपोआप गप्प. मी वायर बदलली, जोड तपासले, यंत्राला शिव्याही घातल्या.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "कोनाची चूक आहे, त्याचं नाव लिहून पाठवा. त्याले घरी बसवतो."

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच मी गच्चीवर गेले. आमचे रोजंदारीवरचे शिपाईमामा यंत्राच्या अँटेनाला ओलं गोणपाट गुंडाळत होते. वरून सुतळीची पक्की गाठ.

"मामा, हे काय?"

"बाई, बिचारं उन्हात तपून राहिलं होतं. कलमाले झाकतो ना आमी, तसं झाकलं."

अकोटजवळ त्यांची संत्र्याची बाग होती. विहीर आटली, कलमं वाळली, आता घर या रोजीवर चाललं होतं. मला भयंकर राग आला होता. तो कोणावर काढावा ते कळेना. ओल्या गोणपाटातून यंत्राला आकाश दिसत नाही, ते वाळलं की मगच दिसतं, एवढंच मी त्यांना सांगितलं. अहवालात कारण लिहिलं, 'ऊन'. नावाच्या रकान्यात रेघ मारली.

चार दिवसांनी अमरावतीहून सही-शिक्क्याचा आदेश आला : 'अँटेना उन्हापासून झाकून ठेवावी. शुक्रवारी तपासणी.'

मी कपाळावर हात मारला. मामांना आदेश वाचून दाखवला आणि म्हटलं, "काहीतरी पातळ, कोरडं कापड बघा."

शुक्रवारी भर दुपारी साहेब आले. गच्चीवर चार काठ्यांना पांढरं कापड ताणून बांधलेलं, यंत्रावर आठ उपग्रह. "बरं केलं," म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले.

मामाही जेवायला घरी निघाले. डोक्याला काहीच नव्हतं. उन्हात डोक्याला बांधायचा त्यांचा पांढरा दुपट्टा कुठे गेला, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मामा, या उन्हात असे जाऊ नका. दुपट्टा सोडून घ्या."

"राहू द्या बाई. कलमं काई वाचले नाई माह्यानं. हे तरी वाचू द्या."

त्यांना खालीच थांबवून मी वर गेले. दुपट्टा सोडला, त्या जागी माझी ओढणी बांधली. खाली येऊन पाहिलं, तर यंत्राला आठच्या आठ दिसत होते.