फाटकाबाहेरचे ब्लॉक

शरणपूर रोडवरचे ते स्कूटर मेकॅनिक प्लग घासता घासता एकच सांगायचे, “सरकारनं आपल्या वाटेतून बाजूला व्हावं, बस्स.” निवडणुकीच्या तोंडावर नगरसेवक आमच्या चर्चच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून द्यायला निघाला, तेव्हा चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या बैठकीत हे मेकॅनिक भांडणार म्हणून मी धास्तावलो होतो. ते शांतपणे उठले.

“लोकांच्या कराचे ब्लॉक आहेत, साहेब. प्रभूच्या अंगणात नकोत. फाटकाबाहेर टाका, तिथून सगळेच चालतात.”

नगरसेवक हसून “चालेल” म्हणाला, पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

ब्लॉक बसल्यानंतरच्या रविवारी मेकॅनिकांनी आपल्या म्हाताऱ्या आत्याला हात धरून त्यांवरून नेलं. स्वतः मात्र पॉलिश केलेल्या बुटांनी कडेच्या चिखलातून चालले.