आई धाकटीकडंच जाते

धारगळला हायवेच्या बाजूला, सर्व्हिस रोडवर, निळी ताडपत्री बांधून एक बाई चवळीसारखे अळसांदे, तांबडी भाजी आणि नारळ घेऊन बसते ना, ती सुमंगला. विमानतळाकडं जाणाऱ्या गाड्या थांबतात, काच खाली करून भाव विचारतात आणि काच वर करून जातात. ती कुणावर रागावत नाही. म्हणते, विचारूक काय पैसे पडतत?

चोपन्न वर्षांची आहे, लग्न झालं नाही. बाप गेला तेव्हा पंधराची होती. आई, म्हणजे यशोदा, भाजीची पाटी घेऊन शुक्रवारी म्हापशाला जायची, बाकीचे दिवस गावात फिरायची, आणि घर सुमंगलाच्या गळ्यात. स्थळं येत नव्हती असं नाही. पण आई म्हणायची, आधी धाकटीचं होऊन जाऊ दे, मग तुझं बघू. धाकटी विनोदिनी, सात वर्षांनी लहान, गोरी, सदा हसरी. तिला लाटंबार्सेचा गोकुळदास मिळाला, त्याचा तेव्हा खनिजाचा ट्रक होता, पैसा खेळत होता. धाकटीचं झालं. मोठीचं बघू म्हणाली होती, ते राहिलं ते राहूनच गेलं.

मग म्हातारी न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि तीन वर्षं खाटेवर. ती तीन वर्षं सुमंगलानं कशी काढली ते तिचं तिला माहीत. खाटेखाली चटई टाकून झोपायची आणि आईच्या हाताला नि आपल्या मनगटाला एक नायलॉनची दोरी बांधायची, कारण म्हातारीला हाक मारण्याएवढा आवाज उरला नव्हता. पाणी हवं, दोरी ओढ. कूस बदलायची, दोरी ओढ. रात्रीतून पाच वेळा, सात वेळा. विनोदिनी यायची चतुर्थीला, शिगम्याला आणि मधे कधी जमलं तर. येताना काजूगर आणायची, आईच्या पायांना हात लावून रडायची आणि साडेचारच्या बसनं परत जायची. खोटं कशाला बोलू, तिलाही दोन मुलं, घरात सासरा, तिनं मुद्दाम काही केलं नाही. पण केलं नाही ते नाहीच केलं.

म्हातारी गेली. बारावं झालं, माणसं पांगली. आणि महिन्याभरानं सकाळी सातला विनोदिनीचा फोन.

"ताई, आज आई इल्ली."

"खंय?"

"स्वप्नात गो. पाटी घेऊन पुढे ती आणि मागसून मी. धारगळसून म्हापशापर्यंत चालवल्यान माका. नऊक झोपलंय, आता उठलंय, आणि पाय असे दुखतत काय सांगू."

"कशी दिसता?"

"तरणी. केसांत अबोली माळलेली. झपझप चालता."

सुमंगलानं फोन ठेवला आणि भाजीवर पाणी मारत बसली. तरणी आई तिनं पण बघितलेली, विनोदिनीपेक्षा सात वर्षं जास्त बघितलेली. पण आता डोळे मिटले की तिला दिसायची ती खाटेवरची, तोंड उघडं ठेवून श्वास घेणारी. आणि स्वप्नात म्हणाल तर तीसुद्धा नाही. पडली की मेल्यासारखी झोपायची, उठली की सकाळ.

ते एक दिवसाचं असतं तर ठीक. दर दिवसाआड फोन. आई खतखतं करत होती आणि माझ्याकडून नारळ खोवून घेतले, खोवून संपेनातच, दंड भरून आलेत. आई विहिरीवर माझी फणी करत होती, इतके केस ओढले की अजून डोकं ठणकतंय.

सुमंगलाची फणी आईनं शेवटची केली ती विनोदिनी जन्मली तेव्हा. नंतर म्हणाली, तू आता मोठी झाली, तुझी तू कर. सात वर्षांची मोठी.

"तुझ्याकडे येता तर पेज जेवून जाऊक सांग," ती फोनवर म्हणाली. "तीन वर्सां माझ्याकडेच जेवली."

"अगो ताई, असां काय बोलतंस?"

"काय बोललंय? पावणी तुझी, जेवण तू वाढ."

लग्न तिला, मुलं तिला, आणि आता आई पण तिलाच. हे सुमंगला कुणाला बोलली नाही. शेजारी शहाळी विकणारा असतो, त्याच्याशी पण नाही. पण गिऱ्हाईक नसलं की हेच दळण मनात चालायचं.

इकडं विनोदिनीची तर दैना झाली. रात्री नऊ ते सकाळी सहा झोपायची, एकदा म्हणून जाग यायची नाही, आणि उठायची ती ओझी वाहून आल्यासारखी. आईचं दुसऱ्या महिन्याचं करायला धारगळला आली तेव्हा डोळे खोल गेलेले, चेहरा मातीसारखा, पावाचा तुकडा हातात धरून बसल्या जागी पेंगली. गोकुळदास म्हणाला, "खाणी चालू होत्यो तेव्हा माझ्या ट्रकाक पण रातच्यो इतक्यो खेपो नव्हत्यो." सगळे हसले, विनोदिनी पण हसली. सुमंगला हसली नाही. तिला त्या दमलेल्या तोंडाचासुद्धा हेवा वाटला. आईबरोबर चालून दमली होती ना ती? मग दमू दे की. मी दमायला एका पायावर तयार आहे.

गोकुळदास म्हणाला, म्हातारीचं काहीतरी राहिलं असणार, देवाला विचारू. मग देवळात गेले. आमच्याकडं गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या लावतो आणि सवाल टाकतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवानं विचारलं, यशोदाबायचं काय मागणं राहिलंय काय? बराच वेळ कायच पडेना. सुमंगला हात जोडून उभी होती आणि मनातल्या मनात तिचा वेगळाच सवाल चालला होता, की आई माझ्यावर रागावलीय काय. मग पाकळी पडली. डावी. गुरव म्हणाला, म्हातारी सुखात आसा, तिका काय नको, पोरीक डॉक्टराक दाखवा. सुमंगला घरी येईपर्यंत हाच घोळ घालत बसली, की ती डावी पाकळी गुरवाच्या सवालाची की आपल्या.

डॉक्टरकडं डिचोलीला विनोदिनीबरोबर सुमंगलाच गेली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. दुकान बंद ठेवून, दोन बस बदलून गेली. आईबद्दल डॉक्टर काय सांगते ते तिला आपल्या कानांनी ऐकायचं होतं.

डॉक्टरीणबाई नवीन होती, पोरसवदा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गोळ्या कसल्या चालू आहेत? विनोदिनीनं पिशवीतून पाकीट काढलं. प्रेशरच्या गोळ्या, आईच्या बाराव्यानंतर चक्कर आली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरनं चालू केलेल्या.

"ह्या गोळीनं काही जणांना असं होतं," बाई म्हणाली. "झोप लागते पण खोल लागत नाही. स्वप्नं अगदी खरी वाटतात, सिनेमा बघितल्यासारखी, आणि सकाळी अंगात जीव नसतो. गोळी बदलून देते, बघूया."

"म्हणजे आई येणा नाय ती?" विनोदिनीनं विचारलं.

"कोण आई?"

सुमंगला मधे पडली. म्हणाली, "कोण नाय. तुमी गोळी लिहा."

बाहेर औषधाच्या दुकानासमोर विनोदिनीनं पिशवी तिच्याकडं दिली आणि चिठ्ठी घेऊन आत गेली. जुनं पाकीट वरच पडलं होतं. सुमंगलानं आयुष्यात दुसऱ्याच्या झाडाखालचा आंबा उचलला नव्हता. ते पाकीट तिनं उचललं आणि आपल्या पोलक्यात घातलं.

आता बघा, पाकळी डावी पडली काय, डॉक्टर बोलली काय, तिच्या डोक्यात एकच बसलं. आईला यायला वाट लागते, आणि ती वाट ह्या गोळीतनं जाते. विनूला ती वाट फुकट मिळाली. मला कुणी दिली नाही तर मी घेईन.

घरी आली, आंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसली, केस विंचरून अंबाडा घातला. पावणं यायचं असलं म्हणजे करतात तसं. देवाला दिवा लावला, गोळी पाण्याबरोबर घेतली आणि आडवी झाली.

पहिल्या दिवशी काय नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. तिसऱ्या दिवशी पडलं स्वप्न. मनगटाला दोरी, आणि दोरीला ओढ. ती उठते, खाटेकडं जाते, खाट मोकळी, चादर नीट घातलेली. परत चटईवर येते, परत ओढ. परत उठते. दोरी दाराकडं गेलेली दिसते म्हणून दाराकडं जाते, तर ती विहिरीकडं, विहिरीकडं जाते तर परसात. असं रात्रभर. आई कुठंच नाही, नुसती ओढ. सकाळी उठली तर मनगट खरंच दुखत होतं आणि अंग असं, की तीन वर्षांचं जागरण एका रात्रीत परत झालंय.

चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. विनूला फणी, विनूला अबोली, विनूला झपझप चालणारी. आणि मला दोरी. तरी ती गोळी घेतच राहिली. एकदा तरी दोरीच्या पलीकडच्या टोकाला कोण आहे ते दिसेल म्हणून.

सहाव्या दिवशी नारळाची पाटी उचलताना तिच्या डोळ्यांपुढं काळोख आला आणि ती तिथंच आडवी झाली. नारळ गडगडत रस्त्यावर. शहाळीवाल्यानं गाडी थांबवून तिला दवाखान्यात नेलं. तिथं कळलं प्रेशर खाली गेलंय, नाडी अगदी मंद. काय घेतलंस म्हणून विचारलं तर कायच नाय म्हणाली. नर्सनं पोलकं सैल केलं तर पाकीट खाली पडलं.

दुपारी विनोदिनी धावत आली. पाकीट टेबलावरच होतं. तिनं हातात घेतलं, फिरवून बघितलं, एका कोपऱ्यावर तिनं पेनानं खूण केली होती ती तशीच होती. तिच्या डोळ्यांत सगळं आलं, पण ती ओरडली नाही. खाटेवर बसली.

"इली काय?" तिनं हळूच विचारलं.

सुमंगलानं भिंतीकडं तोंड केलं. "नाय."

विनोदिनीनं पाकीट आपल्या पिशवीत टाकलं.

"माझ्याकडे पण आता येणा नाय," विनोदिनी म्हणाली. "नवीन गोळी घेतलंय तशी दगडासारखी झोप लागता. सकाळी बरां वाटता, कामां उरकतत. आणि मगे चुलीकडे उभी रवतंय आणि आठवता, की आज सांगूक कायच नाय."

हे ऐकून सुमंगलाला काय वाटावं? वाईट वाटायला हवं होतं. तिला बरं वाटलं. अगदी आतपर्यंत, तापात थंड पाणी प्यावं तसं बरं वाटलं, आणि त्याची तिला लाजसुद्धा वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. विनोदिनी म्हणाली, मी चार दिवस हयच रवतंय. गोकुळदासाला फोन करून सांगितलं, तुमचां तुमी शिजवून खावा. रात्री दोघी एकाच खोलीत झोपल्या. म्हणजे विनोदिनी झोपली. सुमंगला पडून तिचं घोरणं ऐकत होती, मिक्सर लावल्यासारखं, पहाटेपर्यंत, मधे एक खंड नाही.

सकाळी पाववाला पोदेर सायकलवरनं आला, उंडे पाव घेतले, दोघी बाहेर सोप्यावर चहा घेऊन बसल्या.

"ताई," विनोदिनी कपात बघत म्हणाली, "आज आई इल्ली."

सुमंगलानं तिच्याकडं बघितलं. डोळे लख्ख. गालावर उशीची घडी उमटलेली. तोंड झोपेनं भरून आलेलं, बाळंतिणीच्या पोरासारखं. ज्या दिवशी आई खरी यायची त्या दिवशी हे तोंड कसं दिसायचं ते तिनं बघितलं होतं.

"काय म्हणता?" तिनं विचारलं.

"तुझी चौकशी करी होती. सुमंगला खंय गेली, म्हणान विचारल्यान."

इतक्या स्वप्नांत, इतक्या फोनांत, आईनं मोठीचं नाव एकदासुद्धा काढलं नव्हतं. सुमंगलानं कधी विचारलं नव्हतं आणि विनोदिनीनं कधी सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा. घोरत घोरत.

"मगे?" सुमंगला म्हणाली. "तू काय सांगितलंस?"

विनोदिनीनं एवढा पुढचा विचार केला नव्हता. उंड्याचा तुकडा चहात बुडवून तो मोडेपर्यंत धरून बसली. "सांगितलंय, बाजारात गेली."

"आज मंगळवार. मंगळवारी खंयचो बाजार?"

विनोदिनीचे कान लाल झाले. सुमंगला तिच्याकडं बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ह्या पोरीकडं आपल्यापेक्षा जास्त काही नव्हतं. जे होतं ते बसून बनवत होती, आणि तेसुद्धा तिला नीट बनवता येत नव्हतं.

"भाजीक पाणी घालूक गेली म्हणान सांगूक व्हया होतां," सुमंगला म्हणाली. "तां तिका पटलां असतां."

"तसांच सांगितलंय," विनोदिनी खाली बघूनच म्हणाली. "आता आठावलां. भाजीक पाणी घालूक गेली, म्हटलंय."

सुमंगलानं आपल्या कपातला उरलेला चहा तिच्या बशीत ओतला.

"मगे काय म्हणाली?"