पन्नास अँपचा पॅनल

देवदत्त गावंडेचं पोट दुखायला लागलं ते एका शनिवारी दुपारी, श्रीरामच्या गॅरेजमध्ये. पोटात भलतंसलतं काही गेलं नव्हतं. भिंतीवर एक डबा टांगलेला दिसला, एवढंच.

देवदत्त दर्यापूरकडचा. टेक्सासात फ्रिस्कोला येऊन त्याला बरीच वर्षं झाली, एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करतो, पण बोली जशीच्या तशी ठेवलेली. ऑफिसात इंग्रजी, घरी वऱ्हाडी, मधलं काही नाही. तिथल्या मराठी मंडळींत घरी बिअर करणारा पहिला माणूस तोच. ड्राइव्हवेवर गॅसची शेगडी, तिच्यावर हे एवढं पातेलं, त्यात मोड आणलेले जव. तिकडचा वारा भल्ला वाईट. ज्योत विझली की गडी पत्रा धरून आडोशाला उभा. पण चव अशी उतरायची की दर शनिवारी त्याच्या दारात चार-पाच गाड्या लागलेल्या. त्या सगळ्यांत वडील म्हणजे मनोहरकाका. ते कधीचे सांगून बसले होते, "देवदत्ता, माझ्या साठीला बिअर तुझीच. दुकानातली एक बाटली आत येऊ द्यायची नाही."

मग पुण्याच्या श्रीरामनं तोच नाद धरला. शिकला देवदत्तकडूनच. पण शेगडीच्या वाटेला गेलाच नाही. सरळ विजेवरची पातेली, आणि ती चालवायला कंट्रोल पॅनल. निळा डबा, त्यावर आकडे चमकतात. हवं ते तापमान लावून द्या, उष्णता कमी-जास्त करायचं तो बघतो. श्रीराम आपला खुर्चीत बसून फोन पाहत होता आणि बिअर शिजत होती.

"तू अजून ती शेगडी फुंकतोस का यार?" तो म्हणाला.

मनोहरकाका डब्यापुढं हात पाठीमागं बांधून उभे. "बरी सोय आहे ही. श्रीराम, साठीचं मग तूच बघतोस का?"

"बघू की काका."

देवदत्त हसला. मग घरी आला. दारात जोडे काढताना बायकोला म्हणाला, "डबाच त आहे. वावरातल्या मोटरच्या स्टार्टरसारका. एक लाल बटन, एक हिरवं."

आसावरी अकोल्याची. ती कशाला सोडते. "मंग इतकं काहून जळून रायले तुम्ही?"

"जळून नाही रायलो. मले घ्यायचा आहे."

आता घ्यायचा कोणता. देवदत्तनं ऑफिसच्या मीटिंगा म्यूट करून करून पॅनल पाहिले. मोठा फरक एकच. तीस अँपचा पॅनल एका वेळी एक पातेलं तापवतो, पन्नासचा दोन्ही पातेली एकदम. घरच्यापुरती करणाऱ्याला तीसचा पुष्कळ झाला. जाणत्यांनी जागोजागी लिहून ठेवलेलं, आधी घरचं सॉकेट पहा, मग पॅनल पहा. देवदत्तनं हेही वाचलं.

पण त्याच्या गावाकडं मोटर घ्यायची रीत वेगळी. लाइट कधी पुरी येतच नाही, म्हणून तीन हॉर्सपॉवरची लागत असेल तर माणूस पाचची घेतो, स्टार्टर त्याहून वरचा. दुकानदारसुद्धा कमी दाखवत नाही. ही रीत याच्या हाडात बसलेली. त्यात एक गोष्ट कळायची राहिली होती. श्रीरामचा कितीचा आहे? विचारायचं कसं, म्हणून आसावरीला श्रीरामच्या बायकोच्या मागं लावलं. आसावरीनं त्याच्यासमोरच फोन लावला.

"नेत्रा, आमच्या यांना विचारायची लाज वाटते. तुमचा डबा कितीचा गं?"

तीसचा निघाला. देवदत्तनं त्याच दुपारी पन्नासचा मागवला.

एवढ्यावर थांबता तर बरं. तिथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला त्यानं आपली शेगडी सगळ्यांदेखत विनीताताईंच्या हवाली केली. त्या मंडळाचं स्वैपाकघर बघतात. "मिसळीले होईन. मले आता काय काम तिचं," म्हणाला, आणि हे म्हणताना श्रीरामकडं पाहिलं.

पॅनल आला. काळाभोर, दोन पडदे, बटनांची रांग. देवदत्तनं कौतुकानं त्याला फडकं मारलं आणि प्लग कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटजवळ नेला. बसेचना. सॉकेट तीसचं. इलेक्ट्रिशियन येऊन घराचा मेन बोर्ड उघडून गेला. बोर्ड भरलेला, नवा लागेल, शहराची परवानगी लागेल, महिना-दीड महिना कुठं गेला नाही. साठी तोंडावर आलेली, तिची बिअर आपणच करायची हा याचा हट्ट, आणि बिअर मुरायलाच तीन-चार हप्ते घेते.

"शेगडी मांगा ना वापस," आसावरी म्हणाली.

"मरून जाईन पण शेगडी मांगणार नाही."

"इथं लाइट पुरी येते, हे त ध्यानात घ्याचं होतं."

ओळखीत पन्नासचं सॉकेट एकाच गॅरेजात होतं, विजेच्या गाडीसाठी बसवलेलं. देवदत्तनं दोन दिवस नंबर काढला आणि फोन तसाच ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी लावला.

"श्रीराम, तुह्या गाडीचं सॉकेट शनिवारी खाली आहे का?"

"आहे की. का रे?"

"माह्याजवळ एक डबा आहे."

"केवढा?"

"आहे बराच."

शनिवारी श्रीराम पॅनलभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "माझ्यापेक्षा मोठाय हा." महिनाभरात देवदत्तला बरं वाटलं ते तेवढंच. मग तो डबा श्रीरामच्याच भिंतीवर स्क्रूनं पक्का केला. दिवसभर त्यानं श्रीरामला बटनाला हात लावू दिला नाही. "तू बस," म्हणाला. श्रीराम बसला. आल्या-गेल्याला खुर्ची देत बसला, फोटो काढून ग्रुपवर टाकत बसला. प्रत्येक फोटोत त्याचं गॅरेज.

साठीला हॉल भरला. मनोहरकाकांनी पहिला ग्लास उजेडात धरला, घोट घेतला, मिशी पुसली. "वा. श्रीरामच्या गॅरेजची आहे ही. म्हटलं नव्हतं, सोय पाहिजे?"

"हात माहा होता, काका," देवदत्त म्हणाला.

"हो रे बाबा, तू होतास ना मदतीला. फोटोत पाहिलं की."

श्रीराम मध्ये पडून सांगत होता, "नाही काका, सगळी त्याचीच आहे." पण ते काका विनय समजले आणि त्यांनी श्रीरामच्या पाठीवर थाप मारली.

देवदत्त पिंपाकडं गेला. स्वतःचा ग्लास भरला आणि भिंतीला टेकून प्यायला. बिअर भल्ली सुरेख झाली होती. त्याचंच त्याला जास्त लागलं. बिघडली असती, तर तीही श्रीरामच्याच नावावर गेली असती.