आवरून ठेवलेलं वादळ

रोपवाटिकावाल्या काकूंच्या अंगणात वाळकं पान पडायचं तेही जरा बिचकतच. नवऱ्यामागे त्यांनी वांगी-मिरचीची रोपं विकण्याचा धंदा एकटीने उभा केला, लेकीला पदवीधर केलं. लेक नोकरी न शोधता त्यांच्याबरोबर रोपांतच रमली, याचा त्यांना अभिमान होता आणि धास्तीही. आज ना उद्या ही उडणारच, असं मन सारखं म्हणायचं.

मग एका दुपारी वादळ आलं. रोपांवरची सावलीची जाळी फाडून, कमानी वाकवून गेलं. सरकारने मदत जाहीर केली.

लेक म्हणाली, "आई, उन्हाळ्याआधी जाळी चढली तर ठीक. नाहीतर मी शहरात नोकरी बघते. दोघींनी एकमेकींची तोंडं किती बघायची?"

काकूंची धास्ती वाढली. आणि धास्ती वाढली की त्या आवरायला घेत. पाहणीचे साहेब यायच्या आत त्यांनी कमानी रचल्या, फाटकी जाळी धुऊन, वाळवून, घडी करून कोठीत ठेवली.

साहेब आधी शेजारच्या भाऊजींकडे गेले. भाऊजींनी वादळानंतर काडी हलवली नव्हती. तशी आधीही हलवली नव्हती. साहेबांनी हळहळत भराभर फोटो काढले. मग काकूंच्या अंगणात येऊन चहूकडे बघत राहिले.

"नुकसान कुठे आहे?"

"कोठीत," काकू म्हणाल्या.

साहेबांनी घडी उलगडली. "ताई, ही तर धुतलेली आहे."

"मग काय, तुम्हाला मळकी दाखवू?"

"अहो, फोटोत नुकसान दिसायला हवं. परवा पुन्हा येतो. होतं तसं करून ठेवा."

लेकीने कपाळाला हात लावला. सगळं परत बाहेर आलं. पण काकू जाळी पसरायच्या ती पलंगावर चादर घालावी तशी, चारी टोकं ओढून.

कुंपणावरून भाऊजी म्हणाले, "वहिनी, वादळ होतं ते. सोयरीक नव्हे."

"सगळ्यांनाच तुमच्यासारखं जन्मजात जमत नाही, भाऊजी."

शेवटी लेकीने आईला घरात पिटाळलं. त्या दुपारी काय कुठे पडलं होतं ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिने एकेक कमान, एकेक चिंधी तिथेच नेऊन टाकली.

साहेब दुसऱ्या खेपेला आले आणि थक्क झाले. "अगदी आत्ता वादळ होऊन गेल्यासारखं. कुणी केलं हे?" लेकीकडे बघत म्हणाले, "पदवी आहे ना? आमच्याकडे पाहणीला माणसं कमी पडतात. अर्ज करून टाका."

मदत आली, तीही वेळेत. ऐकून कुणाचा विश्वास बसेना. जाळी चढली. आणि लेकीला नोकरीही लागली. वादळ होईल तिथे जायचं, मुक्काम तिकडेच.

"आई, तूच सांग. जाऊ की नको?"

सरकारने एवढा हात दिल्यावर नको कुठल्या तोंडाने म्हणणार? "जा. पण लोकांच्या दारातला पसारा बघून नाक मुरडू नकोस."

"पसारा दिसला तरच त्यांना पैसे मिळतात, आई."

ती गेली त्या संध्याकाळी भाऊजी अभिनंदनाला आले. "नशीब काढलंत, वहिनी. जाळीही आली, पोरगीही मार्गी लागली. आम्हाला बघा, नुसतेच पैसे मिळाले."

"हो ना," काकू म्हणाल्या आणि रोपांना पाणी घालू लागल्या. काम दोघींचं होतं, त्यामुळे अंधार पडला तरी अर्धीअधिक रोपं राहिलीच होती.