गळ्याशी दोन मेणबत्त्या

निलंग्याच्या बसस्थानकात मी गाड्यांची घोषणा करतो. तीन महिने आवाज बसला होता. काढे झाले, गोळ्या झाल्या. शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून घशातली गाठ पाहिली, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी बोलावलं. त्या दिवसांत मी जेवायचो ते फक्त बायकोला दिसावं म्हणून.

शेजारी दवाखान्यातल्या सिस्टरबाई राहतात, उदगीरकडच्या, ख्रिस्ती. एकदा दारातूनच म्हणाल्या, "दादा, उद्या संत ब्लेझचा सण हाय. लातूरला चर्चमध्ये गळ्यासाठी प्रार्थना करतात. चला."

मी नकारार्थी मान हलवली. आमचं घर बौद्ध. वडिलांनी नवस, गंडेदोरे कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत.

"नवस न्हाई, गंडा न्हाई. नुस्तं यायचं."

एवढ्या मायेनं बोलल्या की मी गेलो. बसमध्ये त्यांनी गोष्ट सांगितली. फार जुन्या काळी आर्मेनियात हा ब्लेझ वैद्य होता, पुढं बिशप झाला. ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा डोंगरातल्या गुहेत राहिला. जखमी जनावरं त्याच्याकडं येत म्हणे. शिपाई त्याला पकडून नेत असताना एक आई आडवी आली. तिच्या लेकराच्या घशात माशाचा काटा अडकला होता. त्यानं प्रार्थना केली आणि लेकरू वाचलं.

"आन् तो?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"त्याला मारलं. लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी अंग फाडलं, मग मान उडवली."

मरणाच्या वाटेवर दुसऱ्याच्या गळ्याची काळजी करणारा तो माणूस मला आवडला.

चर्चमध्ये पंधरा-वीस जण होते. फादरांनी लाल फितीनं बांधलेल्या दोन मेणबत्त्या, न पेटवलेल्या, फुलीसारख्या माझ्या गळ्याशी धरल्या आणि हळू आवाजात प्रार्थना म्हटली. मेण गार लागलं. माझे डोळे भरून आले, का ते कळलं नाही.

चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही." बायको माझा हात धरून दवाखान्याच्या पायरीवरच बसली. समोरच्या गाड्यावरचे पेरू आम्ही पोटभर खाल्ले. मग तिनं सिस्टरबाईंना फोन लावला.

पलीकडून थोडा वेळ नुसतं रडणं ऐकू आलं.

"आमच्या मालकाचं असंच घोगऱ्या आवाजानं सुरू झालं होतं, वहिनी. त्या कॅन्सरनंच गेले ते," त्या म्हणाल्या. "दादांना सांगायची हिंमतच झाली न्हाई. आता सांगते."